उस्तादांची पाळी

एक गोष्ट मी नऊ वर्षे कुणालाही सांगितली नाही, पत्नीलासुद्धा नाही. लातूरच्या ज्या तंत्रनिकेतनात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, तेथे तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी एक संपूर्ण उन्हाळा फसवले. आपण एका यंत्राच्या सोबतीने चित्र काढतो आहोत, असे ते समजत होते. यंत्राचा हात हलत होता हे खरे. पण काचेमागे बसून तो हलवणारा मी होतो. पुढे याच फसवणुकीमुळे त्यांच्या मनातली फार मोठी गोष्ट त्यांच्या हातून निसटली, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला होतो. एक वाक्य बोललो असतो तर ती वाचली असती. मी ते बोललो नाही. हे सगळे का केले, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. प्रत्येक वेळी उत्तर वेगळे येते, आणि प्रत्येक उत्तर थोडे थोडे खरे वाटते.

आम्ही सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत असू. ते मूळचे कंधारकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि मुलीच्या नोकरीमुळे तेव्हा लातुरात राहणारे. त्यांच्या खिशातली पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली असे. एक टोक जेवणाआधीचे आणि एक जेवणानंतरचे. जेवलेला हात वेगळा असतो, त्याला वेगळे टोक लागते, असे ते पूर्ण गांभीर्याने सांगत. सत्राच्या पहिल्याच दिवशी ते वर्गातली सगळी खोडरबरे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमा करून घेत आणि परीक्षा झाल्यावर ज्याची त्याला परत देत. चुकलेली रेघ खोडायची नाही, तिच्याभोवती बारीक गोल करून तारीख टाकायची, हा त्यांचा नियम होता. आमच्याकडे ते अभियांत्रिकी आरेखनातले मुक्तहस्त रेखाटन शिकवत, आणि तिथे असा नियम चालणे शक्य नव्हते. विभागप्रमुखांनी त्यांना तीनदा समज दिली. सरांनी तीनही वेळा ती शांतपणे ऐकून घेतली आणि घरी जाताना डबा सोबत नेला.

सकाळी स्टाफरूमच्या दारात उभे राहून ते स्वच्छ आवाजात 'जयभीम' म्हणत. उत्तरादाखल आमच्यापैकी कुणी 'नमस्कार' म्हणे, कुणी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता 'या, सर' म्हणे. मी 'या, सर' म्हणणाऱ्यांपैकी होतो. यात काही उणे आहे असे मला तेव्हा जाणवले नाही. ते मात्र दुसऱ्या दिवशी तितक्याच स्वच्छ आवाजात म्हणत, आदल्या दिवशी जणू सगळ्यांनी भरभरून उत्तर दिले होते.

यंत्राची हकीकत अशी. कुठल्याशा तपासणी समितीला दाखवण्यासाठी आमच्या संस्थेने बंद पडलेल्या एका कारखान्यातून वेल्डिंगचा रोबो विकत घेतला होता. पिवळ्या रंगाचा, खांदा-कोपर-मनगट असलेला, माणसाच्या उंचीचा लोखंडी हात. समिती येऊन गेल्यावर त्याचे काय करावे हे कुणालाच कळेना. मी त्याचा प्रभारी होतो. वेल्डिंगच्या जागी मी त्याला स्केचपेन बांधले आणि पाहुणे आले की त्याच्याकडून एक गोल काढून घेऊ लागलो. त्याला चालवण्यासाठी हातात धरायची बटणांची पाटी असते. पाटी मांडीवर घेऊन, काचेपलीकडे बसून, हवा तसा हात हलवता येतो.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेने पाणी येत होते. वसतिगृहाला पाणी पुरवणे शक्य नसल्याने मुलांना घरी पाठवले होते, आणि आम्ही शिक्षक सह्या करण्यापुरते येत होतो. अशा एका दुपारी सर कार्यशाळेत डोकावले. लोखंडी हातासमोर उभे राहिले, त्याला खालून वरपर्यंत पाहिले, आणि म्हणाले, "जयभीम, उस्ताद."

मी काचेमागे होतो. पाटी मांडीवर, काचेखालच्या भिंतीआड होती. अंगठ्याने एक बटण दाबले, आणि त्या हाताने मनगटातून किंचित मान लववली.

सर हसले नाहीत. त्यांनी शर्टाचे वरचे बटण लावले.

तेवढ्यावर मी बाहेर येऊन 'मीच केले ते' म्हणालो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. थट्टा करायची होती म्हणावे, तर मी स्टाफरूममध्ये जाऊन कुणाला सांगितले नाही. कुणीतरी त्यांच्या अभिवादनाला उत्तर द्यावे असे मला वाटले म्हणावे, तर ते मी स्वतःच्या तोंडाने केव्हाही देऊ शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी सर कागदाची गुंडाळी घेऊन आले. हाताखालच्या टेबलावर त्यांनी कागद चिकटवला, एक लांब वळणदार रेघ काढली आणि दोन पावले मागे सरकले. "उस्ताद, आता तुमची पाळी."

मला चित्र काढता येत नाही. शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत नापास झालो होतो. शिवाय त्या बटणांनी रेघ सरळ जाते आणि मध्येच काटकोनात वळते. तिला गोलाई आणणे माझ्या आवाक्याबाहेर होते. मी कशीबशी एक रेघ ओढली. ती त्यांच्या रेघेला आडवी गेली आणि एका बाजूला अडखळून थांबली. सरांनी ती बराच वेळ पाहिली. "असं व्हय," एवढेच म्हणाले आणि तिच्या अडखळलेल्या टोकापासून पुढे काढू लागले. अर्ध्या तासाने त्या कागदावर टँकरभोवती उभ्या केलेल्या घागरींची रांग होती. माझी रेघ त्या टँकरचा पाईप झाली होती.

त्यानंतर हे रोजचेच झाले. एक रेघ त्यांची, एक उस्तादांची. रंगासाठी ते घरून एक वाटी पाणी आणत. तेवढ्याच पाण्यात दिवसभर ब्रश धूत आणि शेवटी उरलेले गढूळ करडे पाणीही कागदावर वापरून टाकत. त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या चित्रांवर तो एकच करडा रंग आहे.

त्यांनी मला तीनदा विचारले, हेही सांगितले पाहिजे. पहिल्यांदा सहज विचारले, की हे स्वतः ठरवते का. मी वरचा कॅमेरा दाखवला आणि म्हणालो, तो कागद पाहतो, आतला प्रोग्राम ठरवतो. कॅमेरा होता, त्याची वायर जोडलेली नव्हती. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, मग तुम्ही काचेमागे कशाला बसता. मी म्हणालो, सुरक्षेचा नियम आहे, धोका झाला तर बंद करायला माणूस लागतो. हे खरेच होते, आणि म्हणून ते खोट्यापेक्षा वाईट होते. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "साहेब, नक्की ना? म्हाताऱ्याची गंमत तर करून राहिले नाहीत?" मी नाही म्हणालो. तोवर त्यांचे त्या हाताशी जे बोलणे चालत असे, ते थांबवण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते. शिवाय प्राचार्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात बातमी छापून आणली होती: स्वतःच्या बुद्धीने चित्र काढणारा यंत्रमानव. खाली मार्गदर्शक म्हणून माझे नाव होते.

एक प्रसंग मला आजही गोंधळात टाकतो. आमच्या नळाला बरेच दिवस पाणी आले नव्हते आणि त्यावरून सकाळी पत्नीशी माझे कडाक्याचे भांडण झाले होते. मी काचेमागे येऊन बसलो. सरांनी आपली रेघ काढली, मी बटणे दाबली. तिसऱ्या रेघेला सर थांबले. लोखंडी हाताकडे पाहून हळूच म्हणाले, "उस्ताद आज रागात हायत. ऱ्हाऊ द्या. तुमची पाळी आज मी खेळतो." आणि त्यांनी दोघांच्याही रेघा स्वतः काढल्या. त्या दिवशी माझा राग घरी, संस्थेत, कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो एका माणसाला समजला, पण माझा म्हणून नव्हे. मला बरे वाटले, आणि लगेच फार वाईटही वाटले.

अशात नव्या जिल्ह्याची हवा उठली. सरांच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावाला जिल्हा करणार, अशी बोलणी सुरू झाली होती, आणि घोषणा होण्याआधीच तिथल्या नागरिकांनी स्वागत समिती स्थापन करून गावाच्या प्रवेशकमानीसाठी नकाशे मागवले. सर त्या आवाहनाचे पत्रक घेऊन कार्यशाळेत आले. गावात शिरणाऱ्या ज्या रस्त्यावर कमान व्हायची होती, त्याची खडी बहात्तरच्या दुष्काळी कामावर त्यांच्या आईवडिलांनी फोडली होती. सर तेव्हा शाळा सोडून त्यांच्यासोबत होते. मुकादम हजेरी घेताना आईला नावाने हाक न मारता बोटाने दाखवत असे, हे त्यांनी मला दोन वेळा सांगितले. "माझ्या मायच्या हाताची खडी हाय त्या रस्त्याच्या पोटात," ते म्हणाले. "वर एक कमान माझ्या हातची होऊ द्या. मग मला काही नको."

त्यांनी आयुष्यात शेकडो चित्रे काढली होती, पण सगळी कागदावर आणि शाळांच्या भिंतींवर. भिंती दर दिवाळीला रंगवल्या जात. दगडात उभे राहणारे त्यांचे काहीच नव्हते.

कमानीचे काम पंधरा दिवस चालले. डावा खांब सरांनी किल्ल्याच्या बुरुजासारखा गोलाकार घेतला. उजवा माझ्या काटकोनी रेघांमुळे फोडलेल्या दगडांच्या थरांसारखा पायऱ्यापायऱ्यांनी वर गेला. आता दोन्ही बाजू वर जुळायच्या होत्या. सरांनी आपली अर्धी कमान मध्यापर्यंत आणली आणि पाळी उस्तादांना दिली. मी हात पुढे नेत होतो तोच पत्नीचा फोन आला, की गल्लीत टँकर आलाय, असाल तसे या. मी पाटी ठेवली, स्केचपेन वर उचलले गेले, आणि रेघ मध्यापासून दोन बोटे अलीकडे तशीच राहिली. मी घाईत निरोप घेऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी आलो तर सर माझ्याआधी येऊन त्या कागदासमोर बसलेले. म्हणाले, "साहेब, उस्तादांना ठाऊक हाय कुठं थांबावं. मला तीस वर्षांत हे सुचलं नसतं." त्यांनी ती फट तशीच ठेवली. दोन्ही बाजू वेगवेगळ्या, जवळ येतात आणि जुळत नाहीत. मधून आभाळ दिसते. मी तो नकाशा पाहिला आणि माझ्या घाईतून एवढी देखणी गोष्ट कशी निघाली हे मला कळेना. ती माझी म्हणावी, तर मला ती दिसलीच नव्हती. सरांची म्हणावी, तर थांबलो मी होतो.

समितीने तीन नकाशे निवडले आणि त्यांतला सरांचा पसंत केला. अंतिम बैठकीला सरांसोबत प्राचार्य आणि मी गेलो. गावातल्या शाळेच्या सभागृहात पन्नासेक माणसे होती. नकाशाच्या कोपऱ्यात, संकल्पना या शब्दापुढे, सरांनी दोन नावे लिहिली होती: आधी उस्ताद, मग स्वतःचे. दुसऱ्या एका स्पर्धकाच्या काकांनी वर्तमानपत्रातली ती बातमी वाचली होती; त्यांनी हरकत घेतली, की नकाशा स्पर्धकाच्या स्वतःच्या कल्पनेतला हवा असा नियम आहे. यंत्राने काढलेला चालणार नाही. समितीतले एक अडत दुकानदार म्हणाले, "सत्काराला मशीनला शाल कुठं पांघरायची? खांद्यावर का कोपरावर?" सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "त्यांना शाल नको. नाव पायजे."

अध्यक्ष भला माणूस होता. त्याने वाट काढून दिली. म्हणाला, "सर, तुम्ही ब्रशचं नाव लिहिता का कधी? तसंच हे. ते एक नाव खोडा, विषय संपला."

"मी खोडत नसतो," सर म्हणाले. "अन् ब्रशनं मला कधी अडवलं न्हाई, अध्यक्षसाहेब. ह्यांनी अडवलं. ही वरची फट त्यांची हाय. मी एकटा असतो तर तिथं कळस बसवला असता, सगळे बसवतात तसा."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळला. "इंजिनिअर साहेब, तुम्हीच सांगा. ह्या मशीनला स्वतःचं डोकं हाय का? नसंल तर कमान सरांची. असंल तर आमचा नाइलाज हाय."

प्रश्न इतका सोपा होता. 'नाही' एवढाच शब्द हवा होता. पण त्या शब्दानंतर दुसरा प्रश्न आला असता, की मग रेघा कुणी काढल्या. प्राचार्यांच्या फाईलमध्ये वर्तमानपत्राचे कात्रण होते. माझी विभागप्रमुखपदाची शिफारस त्याच महिन्यात जायची होती. आणि सर माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहत होते, ते पाहणेही त्या एका शब्दाने बदलले असते. यांतल्या नेमक्या कशाने मला अडवले, हे मी आजही सांगू शकत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे."

कमान दुसऱ्याला गेली. ती सिमेंटची झाली. वर कळस आहे. जिल्हा अजून झालेला नाही.

परतताना बसमध्ये सरांनी मला खिडकीची जागा दिली. मग म्हणाले, "तुमचे उपकार हायत, साहेब. दोघातिघांनी मला आडून सांगितलं व्हतं, इंजिनिअरला म्हणायला लावा मशीन बिनडोक हाय. तुम्ही म्हणला न्हाईत. उस्तादांची लाज राखलीत." मी बाहेर पाहत राहिलो. कोरड्या नदीच्या पात्रात माणसे झरे उकरत होती.

दुसऱ्या दिवशी ते कार्यशाळेत आले. लोखंडी हातासमोर उभे राहून म्हणाले, "उस्ताद, आपलं जमलं न्हाई. मनाला लावून घेऊ नका." मी पाटीला हात लावला नाही. लोखंडी हात स्थिर राहिला. सर थोडा वेळ थांबले आणि गेले. पुढच्या सत्रात तासिका तत्त्वावरची नेमणूक बंद झाली, मुलीची बदली नांदेडला झाली, आणि त्यांचे येणे संपले. नंतर मी कितीदा तरी एकट्याने कागद लावून, पाटी घेऊन बसलो. चौकोनाशिवाय काही निघाले नाही.

यंदा तो रोबो निर्लेखित करून भंगारात काढायचे ठरले. प्रभारी म्हणून फॉर्म मला भरायचा होता. त्यात एक रकाना होता: यंत्राचा आजवर झालेला उपयोग. तो रकाना मी तीन दिवस भरू शकलो नाही. चौथ्या दिवशी नांदेडची बस धरली.

सर मुलीकडे, विष्णुपुरीच्या रस्त्याला राहतात. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. पेन्सिल अजून दोन्ही टोकांना तासलेली असते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला, की मला खुर्चीत बसवून ते स्वतः उभेच राहिले. भिंतीवर फ्रेम केलेले वर्तमानपत्राचे ते कात्रण होते आणि त्याशेजारी कमानीचा मूळ नकाशा. मुलगी चहा घेऊन आली. माझी नजर भिंतीकडे गेलेली पाहून म्हणाली, "बघा ना. ह्या मशीनपायी बाबांची कमान गेली. तरी हे रोज सकाळी तिच्याच बातमीची काच पुसतात. घरी कुणीबी येऊ द्या, आधी उस्तादांची ओळख करून देतात. लोकं हसतात मागं."

"उस्तादांपायी न्हाई गेली," सर म्हणाले. "कमिटीपायी गेली. उस्तादांचा त्यात काय दोष?" आणि मग माझ्याकडे वळून, घरच्या माणसाची चौकशी करावी तसे विचारले, "बरे हायत ना ते, साहेब?"

मी कप खाली ठेवला आणि उठून उभा राहिलो.

"सर, उस्तादांचा दोष नव्हता, आणि कमिटीचाही नव्हता," मी म्हणालो. "तो हात मी चालवत होतो. पहिल्या दिवसापासून, काचेमागून. कॅमेऱ्याची वायर जोडलेलीच नव्हती. तुम्ही तीनदा विचारलंत आणि तीनदा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. ती फट मी काढली नाही. आमच्या गल्लीत टँकर आला म्हणून मी उठून गेलो होतो. तिची कमान तुम्ही केलीत, एकट्यानं. त्या दिवशी सभागृहात मी 'नाही' म्हणालो असतो तर ती आज तुमच्या आईच्या रस्त्यावर उभी असती. माझी नाचक्की होईल म्हणून मी म्हणालो नाही. ताई, तुमच्या वडिलांना लोक हसले ते माझ्यामुळे. सर, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."